अहोसर

आमच्या शाळेत एकच वर्ग असा होता, की तिथे मुलांनी दंगा केला की मुलांऐवजी शिक्षक बाहेर जायचे. तो वर्ग माझ्या वर्गाला लागून होता आणि मध्ये नुसती लाकडी फळ्यांची भिंत होती, हे माझं नशीब.

"मला राग आलाय हो. मी जरा जाऊन येतो," असं फळ्यांपलीकडून ऐकू यायचं. मग चपलांचा आवाज. मग खिडकीतून दिसायचे आमचे भूगोलाचे सर. सडपातळ, किंचित वाकलेले, पांढरा पायजमा, वर कॉलर झिजलेला शर्ट, हात पाठीमागे. झेंड्याच्या खांबाभोवती ते फेऱ्या मारत राहायचे. राग उतरला की परत वर्गात. तोवर त्यांच्या वर्गात काय चालायचं ते मला विचारा, कारण मीच ऐकत असायची. आधी एकदम शांतता. मग कुजबुज. मग खिडकीपाशी गर्दी आणि धावतं वर्णन, "ए, अजून फिरतायत", "आज लय चिडलेत". इकडे माझ्या फळ्यावर समीकरण अर्धवट आणि माझी सत्तर पोरं कान टवकारून शेजारच्या वर्गात.

शिक्षकांच्या खोलीत या प्रकाराला 'सरांची प्रदक्षिणा' म्हणत. कुणी उशिरा आलं की विचारायचं, "काय, प्रदक्षिणा झाली का आज?" आणि कुणीतरी म्हणायचं, "झाली, पण देव पावला नाही." सर हे ऐकायचे आणि आमच्याबरोबर हसायचे. त्यांना चिडवण्यात त्यामुळे काही मजाच उरायची नाही.

शाळा पंचवटीच्या पुढे, पेठ रोडला. मुलं म्हणजे मार्केट यार्डात हमाली करणाऱ्यांची, जवळच्या बौद्ध वसाहतीतल्या कारकुनांची, ओझरच्या कारखान्यात पाळीला जाणाऱ्यांची. छडी हा विषय कुणाला वादाचा वाटतच नव्हता. पालक नाव घालायला यायचे तेच सांगत, "बाई, हाडं आमची, कातडं तुमचं." माझ्याकडे लाकडी पट्टी असायची. निम्म्या वेळा ती टेबलावर आपटायची, निम्म्या वेळा हातावर. सगळ्यांकडेच काही ना काही असायचं. सरांकडे फक्त एक शब्द होता.

तो शब्द म्हणजे अहो. ते प्रत्येक विद्यार्थ्याला अहो म्हणायचे. पाचवीतल्या नाक वाहणाऱ्या पोराला अहो, नापास होऊन मिसरूड फुटलेल्यालाही अहो. "अहो पगारे, खडू कशाला खाताय?" "अहो, तुम्ही दोघं भांडताय का? मग बसून भांडा, उभ्यानं पाय दुखतील." "अहो खिडकीतल्या, आत या, पडाल." पहिले काही दिवस नव्या मुलांना वाटायचं, सर चेष्टा करताहेत. मग कळायचं, चेष्टा नाही, हा माणूस असाच आहे. मुलांनी त्यांचं नाव अहोसर ठेवलं होतं. शिपाई त्यांना अहोसर म्हणायचा, कोपऱ्यावरचा चहावाला म्हणायचा, आणि आमचं तोंड चुकून घसरलं की आम्हीही म्हणायचो.

असं का, हे विचारलं की दर वेळी वेगळं उत्तर. कधी म्हणायचे, "सवय लागली." कधी, "कोण कुठला तलाठी होऊन समोर बसेल काय सांगता येतं, मग आपणच साहेब साहेब करणार." एकदा मात्र मला म्हणाले, "बाई, तुम्ही एकदा कुणाला तरी 'अहो, मूर्ख आहात का तुम्ही' असं म्हणून बघा. राग टिकतच नाही. तोंडात अहो आलं की हात मध्येच थांबतो, त्याला कळत नाही पुढे काय करायचं." मी दुसऱ्याच तासाला प्रयोग केला. वही न आणलेल्या एका मुलाला म्हटलं, "अहो, दिवे लावलेत तुम्ही!" वर्ग असा हसला, की शेवटी पट्टीच आपटावी लागली. अहो म्हणायलासुद्धा अंगात काहीतरी लागतं, ते माझ्यात नव्हतं.

अहो म्हटलं की बाकीचंही आलंच. वर्गात शिरताना ते दारात थांबायचे आणि विचारायचे, "येऊ का?" मुलं "या" म्हणाली की आत. सायकलवरून घरी जाताना वाटेत विद्यार्थी दिसला की खाली उतरायचे, कारण ज्याला अहो म्हणतो त्याच्यासमोरून बसून जाणं त्यांना बरं दिसत नसे. शाळा सुटल्यावर पेठ रोडला सगळीकडे विद्यार्थीच. म्हणजे सायकल हातात धरून ते घरापर्यंत चालतच जायचे. हँडलला दोघातिघांची दप्तरं.

गृहपाठ न आणणाऱ्याला ते म्हणायचे, "कधी आणाल? तुम्हीच दिवस सांगा." तो सांगायचा, आणि सर ते लक्षात ठेवायचे. मस्ती अनावर झालेल्याला पाणी पिऊन यायला पाठवायचे. उशिरा येणाऱ्याला शिक्षा एकच, वाटेत काय पाहिलं ते सगळ्या वर्गाला नीट सांगायचं. याचा परिणाम व्हायचा तोच झाला. मुलं मुद्दाम उशिरा यायला लागली. कुणी गोदावरीत ट्रक पडलेला पाहिला, कुणी मखमलाबादच्या नाक्यावर बिबट्या. सर म्हणायचे, "बिबट्या किती लांब होता? दक्षिणेला की उत्तरेला?" त्यातून दिशा शिकवायचे आणि अर्धा तास संपायचा.

मी हे सांगते आहे ते कौतुकानं, असं कुणी समजू नये. मी दमून जायची. त्यांच्या चांगुलपणानं मी जेवढी दमले तेवढी माझ्या सासूच्या रागानंही दमले नाही. सकाळी घरचा स्वयंपाक, डबे, सिटी बसमध्ये लोंबकळणं, मग सहा तास घसा फोडणं, आणि त्यात भिंतीपलीकडून हा अखंड, आनंदी गोंगाट. वर पुन्हा मधल्या सुट्टीत ते येऊन विचारणार, "बाई, आवाज फार झाला का हो?" झाला म्हणायचीही सोय नाही, कारण ते खरोखर वाईट वाटून घेत. आणि त्यांच्या वर्गातली मुलं पुढे जाऊन थोरमोठी झाली, असंही काही नाही. माझ्या वर्गातली जेवढी सुधारली आणि जेवढी बिघडली, साधारण तेवढीच त्यांच्याही. एका मुलाला ते वर्षभर "कधी याल, तुम्हीच सांगा" विचारत राहिले, त्याच्या घरीसुद्धा जाऊन आले. तो दर वेळी "सोमवारी" म्हणायचा. तो कधीच आला नाही. सर किती तरी सोमवारी दाराकडे बघत शिकवायचे, ते मी पाहिलं आहे.

एकदा मी वैतागून विचारलं, "सर, घरीसुद्धा असंच बोलता का तुम्ही?"

"घरी कोण आहे?" ते म्हणाले. बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेली होती, मूलबाळ नव्हतं. येवल्याला थोरली बहीण होती, ती नुकतीच वारली होती. "ती तेवढी मला तू म्हणायची. आता तू म्हणणारं माणूस राहिलं नाही. सगळ्यांना अहो म्हटलं की एक होतं बाई, परतपण अहोच येतं." असं म्हणून ते हसले आणि डबा धुवायला नळावर गेले.

मंजुळा आठवीत आली ती याच सुमारास. तिचं कुटुंब पेठच्या पलीकडच्या डोंगरातलं. पावसाळ्यात गावी भात आणि नागली, बाकीचे महिने मिळेल तिथे मजुरी. त्या वर्षी बापाला मखमलाबादकडे एका द्राक्षाच्या मळ्यात कायमची राखणदारी मिळाली आणि मुलगी शाळेत आली. वर्गातल्या मुलींपेक्षा थोडी मोठी, काटक, मोकळ्या गळ्याची. पहिल्याच आठवड्यात तिनं सगळ्या मुलींना सांगून टाकलं होतं, "शाळा हाय तवर शाळा. शाळेनं काढलं का माझं लगीन. मामाचा पोऱ्या हाय, उसतोडीला जातो." हे ती, पाऊस पडणार आहे असं म्हणावं, इतक्या सहज सांगायची. पण शाळा सुटल्यावर सगळ्यात शेवटी फाटकाबाहेर पडणारी तीच असायची. मला ते दिसत होतं.

माझ्या तासाला ती भरपूर बोलायची, आणि सरळ "बाई, तू हे परत सांग" म्हणायची. मी आधी एकदोनदा डोळे वटारले, मग गणित येतंय ना, म्हणून सोडून दिलं. गंमत म्हणजे सरांच्या तासाला ती मुकी. ते विचारायचे, "मंजुळाबाई, तुम्ही सांगा, सह्याद्रीच्या पश्चिमेला काय आहे?" ती मागे वळून बघायची, मग खाली बघायची. डोंगरातली मुलगी, सह्याद्रीवर जन्मलेली, आणि सह्याद्रीचं उत्तर देईना. सरांना ते लागलं होतं. "माझं काय चुकतंय हो बाई? ती मला घाबरते का?" म्हणायचे. त्यांना कुणी घाबरेल ही कल्पनाच इतकी विनोदी होती, की मी हसून विषय बदलला.

त्या वर्षांत शिस्त हा शब्द भिंतीभिंतींवर रंगवलेला होता. आमच्याही. आमचे हेडसर नवे होते, सरांपेक्षा वयानं लहान, कडक. माणूस वाईट नव्हता. सकाळी सगळ्यांच्या आधी यायचे, मुतारी स्वतः उभं राहून धुऊन घ्यायचे, फी न भरलेल्या मुलांची नावं कधी मोठ्यानं वाचायचे नाहीत. पण शाळा म्हणजे सरळ रांग, असं त्यांचं मत होतं, आणि आमच्या अहोसरांचा वर्ग ही त्यांच्या रांगेतली वाकडी जागा होती.

एका दुपारी सरांची प्रदक्षिणा चालू असताना हेडसर वर्गात आले. मी फळ्यांच्या अलीकडे होते, शब्द न् शब्द ऐकला. "तुमचे सर कुठायत?" वर्ग चिडीचूप. सर कुठे आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सांगायचं नसतं हेही ठाऊक होतं. मंजुळाला पहिलंच ठाऊक होतं. ती खिडकीशी बसायची.

"तू इकडं ये ना," ती हेडसरांना म्हणाली. "इथनं दिसतो. तो बघ, फिरतोय." आणि हेडसरांना नीट बघता यावं म्हणून बाकावर सरकून तिनं जागा केली.

आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळा वर्ग. त्या हसण्यावर हेडसरांचा आवाज आला, "कुणाला तू म्हणतेस?"

"तुला," मंजुळा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिचा बाप आला. मुलींचं सगळं माझ्याकडे असायचं, म्हणून मलाही ऑफिसात बोलावलं होतं. बाप डोक्याचं मुंडासं काढून काखेत धरून उभा. हात जोडलेले, मान खाली, यापेक्षा नम्र माणूस मी पाहिला नाही. आणि तो म्हणाला, "सायेब, तू रागावू नको. पोर येडी हाय. तू मोठा हायस. तुला पायजे तर मार तिला, पन शाळेतनं काढू नको."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांच्या बोलण्यात तुम्ही नव्हतंच. बापाला तू, पाटलाला तू, डॉक्टरलाही तू. मी तसं हेडसरांना म्हटलं. ते चिडले नाहीत, पण थकलेल्या माणसासारखे म्हणाले, "बाई, सगळ्या वर्गानं ऐकलंय. उद्या बाकीचेही तू म्हणतील, त्यांना मी काय सांगू, हिच्याकडे तसं बोलतात म्हणून?" मग निकाल दिला. उद्या प्रार्थनेनंतर मंजुळानं ओट्यावर येऊन सगळ्या शाळेसमोर माफी मागायची, तुम्ही म्हणून. नाहीतर दाखला घेऊन जायचं. बाप बाहेर आल्यावर मला म्हणाला, "बाई, तू सांग तिला. दाखला दिला का मंग माझ्या हातात काय नाय. मामा पुढल्या महिन्यात येतोय."

सरांचा चेहरा त्या दिवशी पाहवत नव्हता. ते फेऱ्या मारायला गेले नसते तर हे घडलंच नसतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. शाळा सुटल्यावर त्यांनी मला थांबायची विनंती केली. घरी भाजी चिरायची होती, तरी थांबले. रिकाम्या वर्गात आम्ही तिघं. शिकवायचं होतं एकच वाक्य. 'सर, माझं चुकलं, तुम्ही मला माफ करा.'

"तुम्ही म्हणजे किती जण?" मंजुळानं विचारलं. "हेडसर तर एकलाच हाय."

"मोठ्या माणसाला तुम्ही म्हणायचं असतं," मी म्हटलं. "एकटा असला तरी."

ती मग सरांकडे बोट करून म्हणाली, "मंग हा सर माला तुम्ही का म्हनतो? मी कुठं मोठी हाय?"

 मी सरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "मी सगळ्यांनाच म्हणतो."

"म्हनून माला वाटायचं, तू दुसऱ्या कुनाला इचारतोस. मी मागं बघायची, कुनी नसायचं." मग जरा लाजून तिनं पुढे सांगितलं, "माला येत होतं ते सह्याद्रीचं. समुद्र. आमच्या वरच्या पाड्यावरनं रातीला जहाजाचा उजेड दिसतो आसं बाबा म्हनतो. पन तू माला इचारलंच नाय."

सर बाकावर बसले. इतकी वर्षं या माणसानं जो शब्द जपला होता, त्यानंच ही एक मुलगी वर्गाबाहेर राहिली होती. त्यांना कसं वाटलं असेल ते मला त्यांच्या हातांवरून कळलं. ते चष्मा पुसत होते, आणि पुसतच राहिले.

"बरं," शेवटी ते म्हणाले. "मी तुम्हाला... तुम्ही... म्हणजे..." त्यांची जीभ वळेना. "तू. तू सांग."

मंजुळा खळखळून हसली. "जमतंय की तुला!"

त्या संध्याकाळी रिकाम्या वर्गात एक मुलगी तुम्ही म्हणायला शिकत होती आणि पन्नाशी उलटलेला एक शिक्षक तू म्हणायला. दोघंही सारखेच कच्चे. ती तुम्ही म्हणताना खाली जमिनीकडे बघायची, ते तू म्हणताना छताकडे. मला हसू येत होतं आणि घड्याळाकडे बघून जीवही थोडा थोडा होत होता. निघताना तिला वाक्य पाठ झालं होतं. तिनं ते फाटकापर्यंत गाण्यासारखं म्हणत नेलं.

सकाळी प्रार्थना झाली. मुलांच्या रांगा, समोर ओटा, ओट्यावर हेडसर, बाजूला आम्ही शिक्षक. लिंबाच्या झाडाखाली तिचा बाप उकिडवा बसला होता. मंजुळा वर गेली. वेणी घट्ट घातलेली, तिला लाल रिबीन, तीही कुणाची तरी मागून आणलेली. सुरुवात छान केली. "सर, माझं चुकलं. तुम्ही..." आणि तिनं हेडसरांच्या तोंडाकडे पाहिलं. पाठ केलेलं वाक्य तिथे संपलं आणि खरं बोलणं सुरू झालं. ती कळवळून म्हणाली, "तू माला माफ कर. मी परत नाय बोलनार तसं. तू माला काढू नको."

शाळा हसली. सातआठशे पोरं एकदम हसली की कसं वाटतं ते त्या ओट्यावर उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही. मंजुळाला कळेना की ती कुठं चुकली. तिनं आमच्या रांगेत सरांना शोधलं. हेडसरांचा चेहरा लाल झाला होता. ते वळले आणि शिपायाला म्हणाले, "हिच्या वडिलांना ऑफिसात घ्या. दाखला तयार करा."

तेव्हा सर रांगेतून बाहेर आले. मला वाटलं, चालले झेंड्याच्या खांबाकडे. खांब तिथेच तर होता. पण ते खांबाला वळसा घालून सरळ ओट्याच्या पायरीपाशी गेले, हात जोडले, आणि ज्या माणसानं आदल्या संध्याकाळपर्यंत शाळेतल्या कुत्र्यालाही कधी तू म्हटलं नव्हतं तो माणूस सगळ्या शाळेला ऐकू जाईल असं हेडसरांना म्हणाला, "तू माफ कर तिला. तू मोठा आहेस."

हसू जागच्या जागी थांबलं.  मार्केटकडे जाणाऱ्या टेम्पोचा हॉर्न तेवढा ऐकू आला. हेडसर मग म्हणाले, "वर्गात जा सगळे."

दाखल्याचं नाव कुणी परत काढलं नाही. ज्या तूवरून मुलीला काढायचं, त्याच तूवर शिक्षकाचं काय करायचं, हा प्रश्न उभा राहिला होता, आणि हेडसरांना मुलीपेक्षा तो महत्त्वाचा वाटला. सरांकडून खुलासा मागवला. तो त्यांनी इतक्या अदबीनं लिहून दिला म्हणतात, की संस्थेच्या लोकांना वाचताना हसू आवरेना. तरी जूनमध्ये त्यांची बदली झाली, संस्थेच्या येवल्याकडच्या शाळेत. ज्या गावात बहीण होती त्याच बाजूला, बहीण गेल्यानंतर. निवृत्तीपर्यंत ते तिकडेच राहिले. रविवारी एसटीनं नाशकात यायचे, पंचवटीतल्या आपल्या खोलीला कायमचं कुलूप नको म्हणून.

जायच्या आधी मी त्यांना विचारलं होतं, "सर, असं का केलंत? नुसतं समजावून सांगता आलं नसतं?"

"ती एकटीच तसं बोलते असं झालं होतं ना, बाई," ते म्हणाले. "म्हटलं, दोघं होऊ."

शेजारचा वर्ग शांत झाला. इतकी वर्षं मी हेच मागत होते. नवे सर पाढे म्हणावेत तशा नद्या म्हणून घ्यायचे, छडी टेबलावर आडवी. माझी समीकरणं आता अर्धवट राहत नसत. आणि मला सांगायला लाज नाही, त्या शांततेत मला वर्गात उभं राहवायचं नाही. खिडकीतून खांब दिसायचा, नुसता.

मंजुळा दहावी झाली. मामाच्या मुलाचं लग्न तोवर दुसरीकडे होऊन गेलं. मग ती नर्सिंगला गेली एवढं कानावर होतं. नंतर सगळं पांगलं. शाळा दोन पाळ्यांची झाली, हेडसर बदलले, मलाही गुडघ्यांनी गाठलं.

सर निवृत्त होऊन पंचवटीतल्या खोलीत परत आले आणि एका उन्हाळ्यात नळाशी घसरून पडले. कमरेचं हाड. मी अधूनमधून मुगाची खिचडी घेऊन जायची. ते पडल्या पडल्या म्हणायचे, "अहो बाई, कशाला त्रास घेतलात?" खालून जाणारी जुनी मुलं डोकावायची, "सर, तुम्ही कसे आहात, काही लागलं तर सांगा." सगळे चांगले वागत होते. सगळे अहो म्हणत होते. ते मात्र दिवसेंदिवस बारीक होत चालले होते, आणि गोळ्यांच्या पाकिटांवर धूळ बसत होती. मी म्हणायची, "सर, घ्या हो गोळ्या." ते म्हणायचे, "घेतो, घेतो." कधी घेणार ते तुम्हीच सांगा, असं मी एकदा त्यांचंच वाक्य त्यांना म्हटलं. "सोमवारी," ते म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

एका दुपारी दारात पांढऱ्या साडीतली एक बाई उभी राहिली. पेठच्या बाजूच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती, ते नंतर कळलं. मी ओळखलं नाही. "नमस्कार सर. बाई, तुम्हीपण इथेच! मी मंजुळा. तुमची तब्येत कळली म्हणून आले." बोलणं पुण्याच्या रेडिओसारखं स्वच्छ. "तुम्ही उठू नका," म्हणाली. "तुम्हाला चहा चालेल ना?" स्टोव्ह पेटवून चहासुद्धा तिनंच केला. अर्धा तास बोलली, एक तुम्ही चुकला नाही. सर कौतुकानं ऐकत होते, "छान, छान" म्हणत होते. पण मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते. सोमवारी दाराकडे बघायचे तसं ते तिच्या तोंडाकडे बघत होते. आम्ही तिला शिकवलं होतं ते ती पक्कं शिकली होती. मला फार थकल्यासारखं झालं. वाटलं, उठावं आणि घरी जावं.

कप ठेवायला ती खिडकीपाशी गेली आणि तिला ती पाकिटं दिसली. एक उचललं, उलटं करून पाहिलं, दुसरं उचललं.

"हे काय?" ती वळली. आवाजच बदलला होता. "सगळ्या गोळ्या तशाच? महिन्याच्या? तू काय ल्हान हायस का? आसं पडून ऱ्हाशील तर हाड कसं जुळंल तुझं? कोन बघनार हाय तुला?"

एवढं बोलून तिनं जीभ चावली. पदर सारखा केला. "चुकलं सर. तुम्ही..."

"नाही, नाही." सर कोपरावर रेटून उठायला बघत होते. डोळे भरले होते, आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. त्या माणसानं उभ्या आयुष्यात कधी कुणाला शिक्षा केली नव्हती, आणि कुणाकडे स्वतःसाठी कधी काही मागितलंही नव्हतं. "चुकलं नाही काही. बोल तू. रागाव मला. अजून थोडं रागाव."

मंजुळानं पदर खोचला. मग तिनं पेल्यात पाणी ओतलं, गोळी काढली आणि कमरेवर हात ठेवून त्यांना चांगलं झापायला सुरुवात केली.